जुन्या रेडिओचं सर्किट ऑनलाइन शोधताना: आधी व्हॉल्व्ह, मग नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांच्या खोलीतला फिलिप्सचा व्हॉल्व्ह सेट (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा रेडिओ) पुन्हा बोलता करायचाय. मागच्या पुठ्ठ्यावरचा मॉडेल नंबर अर्धा पुसला गेलाय. सुरुवातीचं 'बी ३ सीए' आणि शेवटचं 'यू' एवढंच वाचता येतं. आत यूसीएच ८१, यूबीएफ ८९ आणि यूसीएल ८२ असे तीन व्हॉल्व्ह आहेत. चौथा सॉकेट रिकामा आहे आणि त्याच्या खाली कुणीतरी काळा डायोड सोल्डर केलाय. आमचा जुना मेकॅनिक म्हणतो, सर्किट आणा मग हात लावतो. जुन्या रेडिओंच्या नोंदी ठेवणाऱ्या रेडिओम्युझियमच्या संकेतस्थळावर 'फिलिप्स' टाकलं की सेटच्या सेट येतात, फोटो बघून डोळे दुखायला लागतात, पण आपला सेट काही सापडत नाही. कसं शोधायचं?

सर्किटाआधी एक गोष्ट. तुमच्या नंबराच्या शेवटी 'यू' आहे, म्हणजे हा एसी-डीसी सेट. यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि लोखंडी शॅसी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेत तो सांगाडा, थेट मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी शॅसी लाइव्ह. नॉब निघाला असेल तर त्याचा उघडा दांडासुद्धा शॉक देतो. तेव्हा सर्किट हातात येईपर्यंत "जरा लावून तर बघू" हा मोह टाळा. आम्ही अशा सेटवर काम करताना आधी सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावतो, मग स्क्रू ड्रायव्हर उचलतो.

आता शोधाकडे. बहुतेक लोक जे करतात तेच तुम्ही केलंत, पुढच्या जाळीवरचं नाव टाकलंत. जुन्या रेडिओच्या शोधात ते नाव म्हणजे सगळ्यात कमी माहिती देणारी गोष्ट. फिलिप्स हे नाव आइंडहोव्हनमध्ये, जर्मनीत, फ्रान्समध्ये, इटलीत आणि कलकत्त्यात बनलेल्या सेटांवर सारखंच असतं. उलट एकाच कारखान्यातून निघालेली एकच शॅसी दोन-तीन वेगळ्या नावांनी विकली जायची. हिज मास्टर्स व्हॉइस आणि मार्कोनीफोन हे दोन्ही इंग्लंडच्या ईएमआयचे ब्रँड, तेव्हा आतलं सर्किट तेच आणि मॉडेल नंबर निराळे असं सर्रास दिसतं. १९६२ मध्ये रँकने मर्फी घेतल्यावर तिकडे बुश आणि मर्फी यांचंही तेच झालं. नावावरून शोधायला बसलं की ढीग मोठा होतो, व्हॉल्व्हवरून शोधलं की तो लहान होतो.

पण व्हॉल्व्हपर्यंत जाण्याआधी तुमच्या अर्ध्या नंबराकडे बघू, कारण त्यातूनही बरंच हाती लागतं. युद्धानंतर फिलिप्सने नंबर देण्याची एक ठरलेली पद्धत पाळली. पहिलं अक्षर सेटचा प्रकार सांगतं: 'बी' म्हणजे टेबलावरचा घरगुती सेट, 'एल' म्हणजे पोर्टेबल, 'एन' म्हणजे मोटारीतला, 'एफ' आणि 'एच' म्हणजे ग्रामोफोनसह असलेले. मधली अक्षरं सेट कुठल्या देशासाठी किंवा कारखान्यातून आला ते सांगतात. 'एक्स' नेदरलँड्सचा, 'डी' जर्मनीचा, 'एफ' फ्रान्सचा, आणि तुमच्यावरचं 'सीए' कलकत्त्याचं. आकड्यांपैकी एक सेटचा दर्जा सांगतो. आकडा जितका मोठा तितका सेट महाग. दुसरा आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो. बीएक्स ५९४ ए या नंबरात ५ हा दर्जा आणि ९ म्हणजे १९४९. बीएक्स ५३३ ए म्हणजे १९५३. १९५६ च्या सुमारास दर्जाचा आकडा अक्षरांच्या मध्ये सरकला, म्हणून बी ५ एक्स ७२ ए हा १९५७ चा सेट. शेवटचं अक्षर वीजपुरवठ्याचं: 'ए' एसी, 'यू' एसी-डीसी, 'बी' बॅटरी, 'व्ही' मोटारीचा, 'टी' ट्रान्झिस्टर.

म्हणजे तुमच्याकडे काय आहे? टेबल सेट, मध्यमवर्गीय घराला परवडेल असा तिसऱ्या दर्जाचा, कलकत्त्याचा, एसी-डीसी. आणि दर्जाचा आकडा अक्षरांच्या मध्ये आहे, याचा अर्थ सेट १९५६ किंवा त्यानंतरचा. पुसले गेलेत ते फक्त वर्षाचा अंक आणि त्यापुढचा अनुक्रमांक. एवढ्यावर रेडिओम्युझियममध्ये 'फिलिप्स' न टाकता भारतातल्या फिलिप्सचं वेगळं पान उघडा. तिथे प्रत्येक देशातल्या फिलिप्सची नोंद स्वतंत्र असते, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक आइंडहोव्हनच्या यादीत तासन्‌तास हरवतात. भारतीय यादीत 'बी ३ सीए' ने सुरू होणारे आणि 'यू' ने संपणारे सेट तेवढे वेगळे काढा. हा नंबर रोमन लिपीत टाइप करताना एकदा सलग, एकदा जागा सोडून आणि एकदा आडवी रेघ देऊन बघा. नोंद करणाऱ्याने तिन्हींपैकी काय वापरलंय ते आपल्याला कळत नाही. शेवटचं अक्षर गाळूनही एक फेरी मारा, कारण तोच सेट 'ए' अक्षराने एसी आवृत्तीतही निघालेला असू शकतो, आणि त्या आवृत्तीचं आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) व आयएफचं (स्टेशन बदलून आत तयार होणाऱ्या ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीचं) सर्किट तुमच्या कामाला येतं.

आता व्हॉल्व्ह. युरोपियन व्हॉल्व्हच्या नावात पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचं असतं: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरची सीरिज साखळी (सगळे हीटर एकामागे एक जोडलेले), 'पी' म्हणजे ३०० मिलिअँपिअरची, 'डी' म्हणजे १.४ व्होल्टचा बॅटरी व्हॉल्व्ह. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. 'सी' ट्रायोड, 'एच' हेक्सोड किंवा हेप्टोड, 'बी' दुहेरी डायोड, 'एफ' पेंटोड, 'एल' आउटपुट पेंटोड, 'एम' हिरवा मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा), 'वाय' आणि 'झेड' एसीची डीसी करणारा रेक्टिफायर. आकड्याचा पहिला अंक बुडाचा: ३ म्हणजे ऑक्टल, ४ म्हणजे रिमलॉक, ८ म्हणजे नऊ पायांचा नोव्हल, ९ म्हणजे सात पायांचा छोटा. तुमचे तिन्ही व्हॉल्व्ह 'यू' आणि ८० च्या घरातले, म्हणजे सगळे नोव्हल बुडाचे. पन्नाशीच्या उत्तरार्धाच्या अंदाजाशी हे जुळतं. ईसीएच ४२, ईएल ४१ असे रिमलॉक असते तर आपण काही वर्षं मागे गेलो असतो, आणि ईबीएल २१ असता तर चाळिशीत.

चौथा रिकामा सॉकेट कुणाचा, हेही आता कोडं राहत नाही. यूसीएच ८१ फ्रिक्वेन्सी बदलतो, यूबीएफ ८९ आयएफ आणि डिटेक्टरचं काम करतो, यूसीएल ८२ च्या ट्रायोड-पेंटोडमध्ये ऑडिओ आणि आउटपुट दोन्ही येतं. राहिला रेक्टिफायर, आणि या कुटुंबातला रेक्टिफायर म्हणजे यूवाय ८५. खात्री करायची असेल तर सॉकेट खालून बघा. यूवाय ८५ मध्ये तिसरी पिन कॅथोड, नववी अॅनोड आणि चौथी-पाचवी हीटर. डायोड तिसऱ्या आणि नवव्या पिनमध्ये बसलेला असेल तर विषय संपला. व्हॉल्व्ह मिळेनासे झाल्यावर आपल्याकडच्या मेकॅनिकांनी हजारो सेटांत हेच केलं, बीवाय १२७ लावला आणि सेट गिऱ्हाइकाला परत दिला.

या दुरुस्तीचा शोधाशी संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. यूवाय ८५ काढला की त्याचा हीटरही साखळीतून जातो आणि साखळी तुटते. म्हणून शहाणा मेकॅनिक चौथ्या-पाचव्या पिनमध्ये वायरवाउंड रेझिस्टन्स टाकतो. या व्हॉल्व्हचा हीटर ३८ व्होल्ट आणि ०.१ अँपिअरचा, म्हणजे ३८० ओहम, आणि त्यावर जवळजवळ ४ वॅट उष्णता. तुमच्या सेटमध्ये तिथे ३९० ओहमच्या आसपासचा जाडजूड रेझिस्टन्स दिसेल, आणि तो कुठल्याही मूळ सर्किटात सापडणार नाही. माझ्याकडे लोक "हे सर्किट आमचं नाहीच" असं म्हणत येतात ते बरेचदा अशा नंतर घुसवलेल्या भागांमुळे. शोधायला बसण्याआधी सेटमधलं मूळ काय आणि नंतरचं काय हे वेगळं करा. मूळ सोल्डरिंग मळकट आणि एकसारखं असतं, तारांना स्लीव्ह असते. नंतरचा सांधा गोळीसारखा फुगलेला आणि चकचकीत असतो.

त्याच कारणासाठी व्हॉल्व्हवर छापलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुठ्ठ्यावर किंवा पेटीच्या आत व्हॉल्व्हची जागा दाखवणारा कागद असेल तर तो खरा. सॉकेटमधला व्हॉल्व्ह कुणीतरी बदललेला असू शकतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह दिसला म्हणजे सेट साठीनंतरचा, असं मानणारे भेटतात. त्यातून तो व्हॉल्व्ह साठीनंतरचा आहे, एवढंच सिद्ध होतं.

रेडिओम्युझियममध्ये प्रत्येक व्हॉल्व्हचं स्वतःचं पान असतं आणि तो व्हॉल्व्ह वापरणाऱ्या मॉडेलांकडे तिथून जाता येतं. सविस्तर शोधात देश, वर्षांची मर्यादा आणि व्हॉल्व्ह एकत्र टाकता येतात. इथे एक युक्ती सांगतो: सगळ्यात सामान्य व्हॉल्व्ह टाकू नका. यूसीएच ८१ टाकलात तर अर्धा युरोप समोर येईल. तुमच्या संचात चाळणी लावायला चांगला तो यूसीएल ८२. ज्यांच्या सेटमध्ये मॅजिक आय आहे त्यांनी आधी तोच टाकावा, कारण तो बहुधा महागड्या सेटांत असतो. अमेरिकन आणि युरोपियन अशी दोन्ही नावं वापरून बघणंही फायद्याचं. ईएल ८४ म्हणजेच ६ बीक्यू ५, ईसीएच ८१ म्हणजेच ६ एजे ८, ईसीसी ८३ म्हणजेच १२ एएक्स ७, यूसीएल ८२ म्हणजेच ५० बीएम ८. ब्रिटिश लष्करी सामानावर तर 'सीव्ही' ने सुरू होणारा तिसराच नंबर असतो. ईएफ ९१ चा सीव्ही १३८.

एखादं मॉडेल जवळचं वाटलं की त्याच्या पानावर फोटोकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी व्हॉल्व्हचा संच, मग बँड, मग आयएफ. जर्मन वळणाच्या नोंदींत आयएफपुढे 'झेडएफ' लिहिलेलं असतं, त्याने गोंधळू नका. ४५२, ४५५, ४६५, ४७० किलोहर्ट्झ हे आकडे नीट जुळवा, कारण अलाइनमेंट, म्हणजे कॉइलची जुळवणी, त्यावरच करायची असते. बँडच्या बाबतीत आपल्याकडच्या सेटांची एक ठळक खूण आहे: त्यांना लाँग वेव्ह नसतो. मीडियम वेव्ह आणि त्याच्या जोडीला दोन-तीन शॉर्ट वेव्ह. युरोपातल्या बहुतेक सेटला लाँग वेव्ह असतो. त्यामुळे हुबेहूब तुमच्यासारखी पेटी असलेला डच सेट सापडला आणि त्यावर लाँग वेव्ह असला, तर बँड स्विच आणि कॉइल पॅकचा भाग तुमच्यापेक्षा वेगळा निघणार हे धरून चला. आयएफच्या पुढचा सगळा भाग मात्र बेलाशक वापरा.

आता सर्किट आपलंच आहे का, हे मल्टिमीटरने तपासायची एक पद्धत. सेट प्लगपासून पूर्ण सुटा असताना हे करायचं. सीरिज साखळीतले हीटर व्होल्ट बेरीज करा: यूसीएच ८१ चे १९, यूबीएफ ८९ चे १९, यूसीएल ८२ चे ५०, यूवाय ८५ चे ३८. एकूण १२६. मेन्स २३० धरली तर उरलेले १०४ व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्सने खायचे, आणि साखळीतून ०.१ अँपिअर जातो, म्हणजे ड्रॉपर सुमारे १०४० ओहम. डायलचा दिवा साखळीत असेल तर थोडा कमी. सापडलेल्या सर्किटात ड्रॉपर हजाराच्या आसपास दाखवलाय आणि तुमचा मीटरही तेच म्हणतोय, तर बरोबर दिशेने आलात. सर्किटात शंभर-दीडशे ओहम दिसले तर ती ११० किंवा १२७ व्होल्टच्या देशातली आवृत्ती आहे किंवा व्होल्टेजची टॅप निराळी आहे. ड्रॉपर गरम होऊन जळण्यासाठीच जन्माला आलेला असतो, तेव्हा तुमचा ओपन निघाला तर नवल मानू नका. तसं झालं तर वरच्या हिशेबाने नवा निवडता येतो, वॅटेज दुप्पट ठेवून.

याच हिशेबाने अमेरिकन सेट लांबूनही ओळखता येतो. १२ बीई ६, १२ बीए ६, १२ एव्ही ६, ५० सी ५, ३५ डब्ल्यू ४ असे पाच व्हॉल्व्ह दिसले की हीटरची बेरीज साधारण १२३ व्होल्ट होते, म्हणजे सेट थेट ११७ व्होल्टच्या मेन्ससाठी. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला असा सेट इथल्या २३० व्होल्टवर लावला की काही सेकंदांत कुठल्यातरी व्हॉल्व्हचा हीटर जळतो.

फिलिप्सचं सर्किट हाती आलं की ते वाचायची सवय थोडी वेगळी लावावी लागते. कॉइलला त्यांच्याकडे 'एल' नसून 'एस' असतं आणि व्हॉल्व्हना 'बी १', 'बी २'. सर्किटाच्या वरच्या कडेला 'एस', 'सी' आणि 'आर' अशा तीन ओळी छापलेल्या दिसतील. सी २३ शोधायचाय तर 'सी' च्या ओळीत २३ कुठे आहे बघा आणि सरळ खाली या, कंडेन्सर त्याच उभ्या पट्ट्यात सापडतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं की मोठ्या सर्किटाची भीती जाते. रेझिस्टन्स किती ओहमचा, कंडेन्सर केवढा, हे आकडे अनेकदा चित्रावर नसतात, वेगळ्या तक्त्यात असतात. म्हणून स्कॅनचं एकच पान उतरवून घेऊ नका, संपूर्ण दस्तऐवज घ्या.

रेडिओम्युझियमवर नोंद असूनही सर्किट नसेल, असंही होतं. भारतीय सेटांच्या बाबतीत हे जरा जास्तच होतं. तिथली नोंद बहुतेक वेळा एखाद्या संग्राहकाने फोटो टाकून केलेली असते, सर्व्हिस मॅन्युअल आपल्याकडे फार थोड्यांनी जपलं. अशा वेळी सख्ख्या भावाकडे जायचं: तोच दर्जा, तेच वर्ष किंवा एखादं मागेपुढे, तोच व्हॉल्व्ह संच, पण 'सीए' च्या जागी 'एक्स' किंवा 'डी'. मी स्वतः भारतीय फिलिप्ससाठी हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा मानतो.

दुसरं मोठं भांडार वर्ल्ड रेडिओ हिस्टरी. तिथे सर्किटांपेक्षा मासिकं, कॅटलॉग आणि व्यापारी पत्रिका जास्त आहेत. 'वायरलेस वर्ल्ड'चे जुने अंक, अमेरिकन दुरुस्तीची मासिकं असं बरंच काही. या संग्रहात शोध म्हणजे यंत्राने वाचलेल्या अक्षरांवरचा शोध, आणि यंत्र जुन्या छपाईत हमखास चुकतं. शून्य आणि रोमन ओ, एक आणि आय, पाच आणि एस, आठ आणि बी यांची अदलाबदल ठरलेली. आठ हा आकडा असलेला नंबर सापडला नाही तर आठच्या जागी बी टाकून बघा, वेड्यासारखं वाटतं पण चालतं. मॉडेल नंबरापेक्षा जाहिरातीतला एखादा शब्द आणि कंपनीचं नाव अवतरण चिन्हांत टाकणं जास्त फलदायी ठरतं. इंटरनेट अर्काइव्हवर एक खुबी आहे: नेहमीचा शोध फक्त शीर्षक आणि वर्णनात बघतो, मजकुराच्या आत शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो न निवडता "काही नाही" म्हणून परत फिरणारे खूप.

भारतीय सेटांचं वर्ष ठरवायला मला 'द इंडियन लिसनर'चे अंक फार आवडतात. १९२७ मध्ये मुंबईहून 'द इंडियन रेडिओ टाइम्स' म्हणून निघालेलं हे पत्रक १९३५ अखेर 'इंडियन लिसनर' झालं, आणि कार्यक्रमांच्या यादीबरोबर त्यात रेडिओ कंपन्यांच्या जाहिराती असायच्या. जाहिरातीत सेटचं चित्र, मॉडेल आणि किंमत असली की वर्षाचा वाद मिटतो. सर्किट नाही मिळत, पण कुठल्या वर्षाच्या सर्व्हिस डेटामध्ये शोधायचं ते कळतं. डायलवरची स्टेशनंही तेच काम करतात. काचेवर विविध भारती छापलेलं असेल तर सेट ऑक्टोबर १९५७ च्या आधीचा असू शकत नाही. किलोसायकलच्या जागी किलोहर्ट्झ असेल तर साठीनंतरचा धरा. आणि डायलवर 'पीओ, जीओ, ओसी' अशी अक्षरं असली तर सेट फ्रेंच आहे. ती अनुक्रमे मीडियम, लाँग आणि शॉर्ट वेव्हची खूण, मग शोधही फ्रेंच नोंदींतच करा.

फिलिप्स सोडून इतर ब्रँडवाल्यांसाठी थोडं. मर्फी हे नाव बघून लोक वेल्विन गार्डन सिटीच्या ब्रिटिश मर्फीची यादी चाळत बसतात. आपल्या घरांतले मर्फी ठाण्याच्या कारखान्यातले, त्यांची मॉडेलं वेगळी. नॅशनल एको म्हणजे पुढची नेल्को, १९४० मध्ये मुंबईत सुरू झालेली. तिच्या सेटसाठी इंग्लंडच्या ई. के. कोल कंपनीच्या म्हणजे एकोच्या मॉडेलांशी तुलना करून बघावी. ब्रिटिश सेट असेल तर ट्रेडर सर्व्हिस शीट शोधा. सर्किट, व्होल्टेजचा तक्ता, अलाइनमेंट आणि शॅसीचं चित्र सगळं त्या मोजक्या पानांत असतं, आणि माझ्या मते दुरुस्तीसाठी याहून नेटकं साहित्य कुणी छापलं नाही.

अमेरिकन सेटसाठी सर्किटांचे रायडरचे खंड. जॉन रायडरने १९३१ पासून तेवीस खंड काढले आणि ते नॉस्टॅल्जिया एअर या संकेतस्थळावर मॉडेलनुसार लावलेले आहेत. कुठे 'रायडर १५-२४' असा उल्लेख दिसला तर पंधराव्या खंडातलं त्या कंपनीचं चोविसावं पान. १९४६ पासूनच्या सेटांना सॅम्स फोटोफॅक्ट ही सर्किटांची मालिका आहे. अमेरिकनांच्या बाबतीत मॉडेलपेक्षा शॅसी नंबर जास्त कामाचा. झेनिथचा ट्रान्स-ओशनिक एच ५०० शोधताना ५ एच ४० ही शॅसी टाकून बघा. फिल्कोच्या ३७-११६ सारख्या नंबरात पहिले दोन आकडे हंगामाचं वर्ष सांगतात, म्हणजे १९३७.

युद्धानंतर आपल्याकडे लष्करी डिस्पोजलचं सामान बरंच आलं आणि हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींच्या घरी ते अजून आहे. त्यासाठी बामा हा मॅन्युअलांचा संग्रह उत्तम. इथे नावापुढचं शेपूट गाळू नका. बीसी-३४८ या एकाच रिसीव्हरच्या जे, एन आणि क्यू आवृत्त्यांचं सर्किट बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, चुकीचं मॅन्युअल घेऊन बसलात तर व्होल्टेज जुळणारच नाहीत. अमेरिकन सैन्याचं मॅन्युअल त्याच्या स्वतःच्या नंबरानेच चटकन मिळतं. उदाहरणार्थ, बीसी-३१२ आणि बीसी-३४२ चं टीएम ११-८५०.

पैसे घेऊन पीडीएफ विकणारी संकेतस्थळं शोधात सगळ्यात वर येतात. त्यातल्या बऱ्याच फाइली वरच्याच फुकट संग्रहांतून उचललेल्या असतात. नमुना पान न दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका.

एवढं करूनही तुमचा नेमका सेट सापडला नाही तरी मेकॅनिकला रिकाम्या हाताने भेटू नका. चारही व्हॉल्व्हचे डेटाशीट उतरवा, फ्रँकच्या व्हॉल्व्ह डेटाच्या संग्रहात ते आहेत. यूसीएल ८२ च्या पानावर पिन दिलेल्या असतील: एक ट्रायोडचा ग्रिड, दोन पेंटोडचा कॅथोड, तीन पेंटोडचा ग्रिड, चार-पाच हीटर, सहा पेंटोडचा अॅनोड, सात स्क्रीन, आठ ट्रायोडचा कॅथोड, नऊ ट्रायोडचा अॅनोड. शॅसीच्या खालचा नीट उजेडात फोटो काढा आणि एकेका पिनपासून पुढचा भाग कागदावर उतरवत जा. सहाव्या पिनवरून तार आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जाते, तिसऱ्या पिनवर येणारा छोटा कंडेन्सर नवव्या पिनवरून येतो. हा कंडेन्सर लीक असला की आउटपुट व्हॉल्व्ह लाल होतो, म्हणून तो आधी बदलायला सांगा, मग बाकीचं. चार व्हॉल्व्हच्या सेटचं असं सर्किट शांतपणे काढलं तर एका रविवारात निघतं. मग ते जवळच्या डच भावाच्या सर्किटाशेजारी ठेवून बँड स्विचचा तेवढा फरक लाल पेनाने दाखवा. तुमचा मेकॅनिक जुना आहे म्हणालात, त्याला एवढं पुरेल.